पोलाद विसरतं, ॲल्युमिनियम मोजतं

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता आणि पाहुणा होता बदली झालेला कलेक्टर जॅक्सन. अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या ब्राउनिंग पिस्तुलातल्या होत्या. अशी वीस पिस्तुलं सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यात घालून मुंबईला पाठवली होती. पुढे १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. भिवंडीकर कोर्टाच्या कामाला ठाण्यात येतो तेव्हा त्याच तुरुंगाजवळून जातो.

इतिहासाची पुस्तकं इथवर सांगतात. माझं कुतूहल जरा वेगळं आहे. कोटाच्या आत लपेल एवढं ते पिस्तूल कशाचं होतं? पोलादाचं, नळीपासून मुठीतल्या सांगाड्यापर्यंत. दुसरा पर्यायच नव्हता. आणि गंमत अशी, की दुसरा पर्याय नेमका त्याच सुमारास जर्मनीतल्या ड्यूरेन गावच्या कारखान्यात आकार घेत होता.

त्याची सुरुवातही बंदुकीपासूनच झाली. प्रशियाच्या लष्कराला पितळेच्या काडतुसांऐवजी हलकी ॲल्युमिनियमची काडतुसं हवी होती. शुद्ध ॲल्युमिनियम इतकं मऊ, की त्याचा काही उपयोग नाही. आल्फ्रेड विल्म नावाच्या धातुशास्त्रज्ञाने त्यात चारेक टक्के तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम घातलं, तुकडा तापवला आणि पाण्यात बुडवला. पोलाद असं केल्यावर लगेच कडक होतं. हा तुकडा झाला नाही. १९०६ साली एका शनिवारी मोजमाप अर्धवट टाकून मंडळी घरी गेली आणि सोमवारी परत मोजायला बसली तर तोच तुकडा कितीतरी कडक झालेला, अशी गोष्ट सांगतात. त्याला कुणी हात लावला नव्हता, कुणी तापवला नव्हता. रविवारभर तो नुसता पडून होता.

झालं काय होतं? पाण्यात बुडवल्यामुळे तांब्याचे अणू ॲल्युमिनियमच्या अणूंच्या गर्दीत जागच्या जागी अडकून पडले होते. नंतर, साध्या खोलीच्या तापमानाला, ते एकेक करून सरकले आणि जागोजागी इवले इवले थर करून बसले. हे थर जेमतेम एकदोन अणूंच्या जाडीचे. धातू वाकतो म्हणजे त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण अख्खा थर एकदम सरकत नाही. मोठी जाजम जागेवरून हलवायची तर आपण ती सगळी ओढत नाही, एका टोकाला सुरकुती पाडून ती ढकलत पलीकडे नेतो, तसंच धातूतही होतं. तांब्याचे हे थर त्या सुरकुतीच्या वाटेत आडवे येतात. सुरकुती अडली, म्हणजे धातू कडक झाला. गिनिए या फ्रेंच आणि प्रेस्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, एकमेकांना न विचारता, हे थर क्ष-किरणांनी ओळखले ते १९३८ साली. विल्म १९३७ मध्ये वारला होता. आपल्या शोधात नेमकं काय घडतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

काडतुसाचं काम मात्र त्या धातूने केलं नाही. आजही काडतूस म्हटलं की बहुधा पितळच. भिवंडीच्या शेजारी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत काडतुसांसाठी लागणारे पितळी कप बनत आले आहेत. विल्मच्या मिश्रधातूला ड्युरॅल्युमिन नाव मिळालं, त्याची झेपेलिनं झाली, विमानं झाली. आणि तीसचं दशक येईपर्यंत तो धातू वळसा घालून पुन्हा शस्त्राकडे आला, फक्त काडतुसाऐवजी पिस्तुलाच्या सांगाड्यात. १९३१ च्या वॉल्थर पीपीके या खिशातल्या पिस्तुलाची पोलादी सांगाड्याबरोबर ड्युरॅल्युमिनच्या सांगाड्याचीही आवृत्ती निघाली. ‘पोलादी घेऊ की अलॉय घेऊ’ हा प्रश्न तेव्हापासूनचा.

भिवंडीत हा प्रश्न पडणारी माणसं थोडी, पण आहेत. सूत आणि ग्रे कापडाचे व्यापारी, गोदामवाले, रोकड घेऊन फिरणारे. शहरातल्यांचा परवान्याचा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तांकडे जातो आणि ग्रामीण भागातल्यांचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलिसांची पडताळणी होते, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, जिवाला धोका आहे हे पटवावं लागतं. निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. अमेरिकेत पिस्तूल झाकून बाळगायचं की उघडं, यावर राज्याराज्यांत वाद चालतात. आपल्याकडे तो वादच नाही. शस्त्र नियम, २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. ते दाखवणं हाच गुन्ह्याचा रस्ता. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. म्हणजे परवाना मिळाला की पिस्तूल शर्टाखाली, कमरेला, घामात. धातूचा विचार इथून सुरू करायचा.

आता पहिला गैरसमज. अलॉयचं पिस्तूल म्हणजे सगळं पिस्तूल ॲल्युमिनियमचं नव्हे. मूठ आणि चाप ज्यात बसतात तो खालचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, तेवढी मिश्रधातूची. नळी आणि वरची सरकती स्लाइड पोलादाचीच. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या पिस्तुलाचं बोअर बहुधा .३२ असतं, कारण ९ मिमी हे निषिद्ध बोअर. हे .३२ म्हणजे जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये आखलेलं काडतूस. त्यातली दारू पेटते तेव्हा नळीच्या बुडाशी वातावरणाच्या सुमारे चौदाशे पट दाब तयार होतो. हलक्या धातूचा तिथे निभाव लागत नाही, आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९५० च्या आसपास अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी अगदी हलकी रिव्हॉल्व्हर मागवली. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांनी फ्रेमच नव्हे, गोळ्यांचं फिरतं सिलिंडरसुद्धा ॲल्युमिनियमचं केलं. सिलिंडरांना तडे जाऊ लागले. शेवटी हवाई दलाने ती बहुतेक सगळी मोडीत काढली. वाचलेली थोडी आज संग्राहकांकडे आहेत आणि भलत्या किमतीला विकली जातात.

स्लाइड पोलादाची असण्याचं कारण तर त्याहून मजेशीर आहे. या बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताना नळीचं मागचं तोंड कुठल्याही खिट्टीने बंद केलेलं नसतं. स्लाइड तिथे फक्त टेकलेली असते, मागून एक स्प्रिंग. मग दाबाने ती लगेच उघडत का नाही? कारण ती जड आहे. गोळी साडेचार ग्रॅमची, स्लाइड तिच्या कितीतरी पट वजनाची. दोघींना सारखाच धक्का मिळतो, गोळी सेकंदाला पावणेतीनशे मीटरने पुढे सुटते आणि स्लाइड आळसावल्यासारखी मागे निघते. ती पुरती उघडेपर्यंत गोळी बाहेर पडलेली असते आणि दाब उतरलेला असतो. जडपणा हेच कुलूप. स्लाइड हलक्या धातूची केली तर कुलूपच हलकं होईल.

म्हणजे निवड फक्त फ्रेमची. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा, पण लवचिकपणाच्या मोजमापातही ते तिसऱ्या हिश्श्यावर येतं. तेवढ्याच जाडीची पट्टी तेवढ्याच जोराने तिप्पट वाकते. टायटॅनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी जास्त आणि ताठपणाही निम्म्याहून थोडा जास्त. वजनाने भागलं तर तिन्ही धातूंचा ताठपणा जवळपास सारखा निघतो! तीन वेगळे धातू, अणूंची रचना वेगवेगळी, आणि किलोमागे ताठपणा एकच. मला हा निसर्गातला एक विलक्षण योगायोग वाटतो. म्हणून हलकी फ्रेम करायची तर कारखानदार ती जरा जाड ठेवतो, आणि तरीही वजन वाचतं.

वाचलेलं वजन कुठेतरी भरावं लागतं, ते मनगटाला. गोळीचा आवेग ठरलेला आहे. आता ७०० ग्रॅमचं एक पिस्तूल आणि ४५० ग्रॅमचं दुसरं समजा, दोन्हींतून तीच .३२ ची गोळी. पहिलं सेकंदाला सुमारे १.८ मीटर वेगाने मागे येईल, दुसरं २.८ ने. झटक्याची ऊर्जा पहिल्यात साधारण १.१५ जूल, दुसऱ्यात १.८. दीडपटीहून जास्त. पण आकड्यांना घाबरायचं कारण नाही, .३२ मुळातच सौम्य. ९ मिमी किंवा .४५ मध्ये हाच फरक हाताला चांगला झोंबतो. कोल्टने पूर्ण पोलादी ‘मॉडेल १९११’ पिस्तुलाचं सव्वा अकराशे ग्रॅमच्या आसपासचं वजन उतरवून १९५० च्या सुमारास साडेसातशे ग्रॅमचं अलॉय फ्रेमचं ‘कमांडर’ काढलं, तेव्हा बाळगणारे खूश झाले आणि रोज नेम मारणारे कुरकुरले. विसेक वर्षांनी कोल्टला त्याच कमांडरची पोलादी आवृत्तीही काढावी लागली.

खरी नवलाची गोष्ट याच्या पुढे आहे, आणि ती समजायला भिवंडीइतकी चांगली जागा नाही.

इथला साधा पॉवरलूम मिनिटाला शंभर-दीडशे पिका मारतो. धोटा एकदा आडवा जातो तेव्हा क्रँकशाफ्टचा एक फेरा होतो. बारा तासांच्या पाळीत लाखभर फेरे, महिन्याला कित्येक लाख, आणि वर्षानुवर्षं चाललेले लूम आजही खडखडत आहेत. दर फेऱ्याला त्या पोलादी दांड्यावर ताण येतो आणि जातो. तो तुटत का नाही? एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याला रेल्वेच्या आसांबद्दल उलटा प्रश्न पडला होता: कधीच जास्त ओझं न वाहिलेले आस अचानक का तुटतात? वर्षानुवर्षं तो आस फिरवून तोडत बसला आणि त्याच्या हाती नियम लागला. ताण वारंवार आला की धातू थकतो, एकदाच्या ताणाने जे मोडणार नाही ते लाखाव्या ताणाने मोडतं. पण पोलादाला एक उंबरठा असतो. ताण त्याच्या खाली राहिला, तर पोलाद दहा लाख वेळा काय आणि दहा कोटी वेळा काय, तसंच राहतं. त्याचं एक कारण त्यात विरघळलेले कार्बन आणि नायट्रोजनचे अणू. मघाची ती सुरकुती सरकू लागली की हे अणू तिच्याभोवती गोळा होऊन तिला जखडून टाकतात.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना असा उंबरठा सापडत नाही. ताण कमी केला की आयुष्य वाढतं, खूप वाढतं, पण अमर्याद होत नाही. प्रत्येक धक्का कुठेतरी जमेला धरला जातो. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमानं आकाशात फुटली, तेव्हा हे जगाला फार महागात कळलं. दर उड्डाणात हवेच्या दाबाने फुगणारं आणि उतरल्यावर सैल होणारं ॲल्युमिनियमचं कवच आतून थकलं होतं. पिस्तुलातही हेच, छोट्या प्रमाणावर. जर्मनीच्या पोलादी पी-३८ पिस्तुलाचं अलॉय फ्रेमचं रूप, ज्याला पुढे पी-१ नाव मिळालं, १९५७ पासून जर्मन लष्कराने घेतलं. स्लाइडचे धक्के खाऊन फ्रेम त्रास देऊ लागल्या, तेव्हा सत्तरच्या दशकात चापाच्या वरच्या भागात एक षटकोनी पोलादी खीळ आडवी ठोकून तिला आधार द्यावा लागला. आज ते पिस्तूल हातात घेतलं तर ती खीळ बाहेरून दिसते.

इथे बहुतेक जाणकार निकाल देऊन मोकळे होतात: पोलाद टिकतं, अलॉय थकतं, पोलाद घ्या. हा निकाल अमेरिकी माणसासाठी ठीक आहे, जो एका शनिवारी रेंजवर दोनशे गोळ्या उडवून घरी येतो. भिवंडीच्या परवानाधारकाच्या पुस्तिकेत एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, याचे आकडे लिहिलेले असतात. काडतूस महाग, रेंज दूर. वर्षाला पन्नास गोळ्या समजा, चाळीस वर्षं समजा. दोन हजार धक्के झाले. लूमचा क्रँकशाफ्ट एवढं काम चहाची सुट्टी होण्याआधी उरकतो. चांगल्या मिश्रधातूची फ्रेम हे दोन हजार सहज पचवते. ज्या दोषासाठी अलॉयला नाकारायचं, तो दोष इथे उगवायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

पोलादाचा दोष मात्र इथे दर जूनमध्ये उगवतो. खाडीची हवा, चार महिन्यांचा पाऊस, बाकीचे आठ महिने घाम. घामात मीठ, आणि मीठ म्हणजे पोलादाचा वैरी. पिस्तुलावरचा निळसर काळा रंग अनेकांना रंगच वाटतो. तो गंजाचाच एक प्रकार आहे. लोखंडाच्या तांबड्या गंजाऐवजी काळा, घट्ट चिकटणारा मॅग्नेटाइटचा पातळ थर मुद्दाम वाढवलेला. जुने कारागीर तर नळीवर आधी खरोखरचा तांबडा गंज चढवायचे, मग उकळत्या पाण्यात घालून तो काळा करायचे, घासायचे आणि पुन्हा तेच. गंजाने गंज रोखायचा. पण हा थर तेल प्यायलेला असेल तोवरच राखतो. कमरेला लावून दिवसभर बाजारात फिरलेल्या पोलादी पिस्तुलावर दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसणं यात नवल नाही.

ॲल्युमिनियमही गंजतं, फक्त त्याचा गंज त्याच्या बाजूचा असतो. हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा अदृश्य थर येतो आणि पुढचं गंजणं थांबवतो. कारखान्यात आम्लाच्या टाकीत वीज सोडून हाच थर जाड करतात, त्याला ॲनोडायझिंग म्हणतात. या थरातलं रसायन कुठलं? ॲल्युमिनियम ऑक्साइड. माणिक आणि नीलमही त्याचेच. शर्टाखालच्या त्या काळ्या फ्रेमचं कातडं रत्नांच्या भावकीतलं आहे. पण कातडं पातळ. खोल ओरखडा पडून ते फाटलं की खालचा मऊ धातू उघडा होतो, आणि तिथे पोलादाचा स्पर्श आणि घाम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजू लागतं. म्हणून अलॉयची फ्रेम घेतली तरी स्लाइड ज्या खाचांवरून सरकते तिथे तेलाचा हात फिरायलाच हवा. वर स्लाइड आणि नळी पोलादाचीच आहेत, त्यांचा घाम कुणी पुसायचा?

तिसरा धातू म्हणजे टायटॅनियम. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने टायटॅनियम मिश्रधातूचं .३२ चं ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून काढलं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. नेहमीचं .३२ चं रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमचं. ईशापूरच्या कारखान्याने ॲल्युमिनियम मिश्रधातूचं .२२ चं ‘निडर’ सुमारे अडीचशे ग्रॅमवर आणलं. टायटॅनियम समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही, आणि पोलादाइतका नेमका उंबरठा नसला तरी थकव्याच्या बाबतीत ते ॲल्युमिनियमपेक्षा पोलादाच्या जवळचं. पण त्याला कातताना अवजारं झिजतात, किंमत तिथे चढते. आणि जुन्या परदेशी पोलादी पिस्तुलांचा आपल्याकडचा भाव हा धातूचा भाव नव्हेच. सामान्य माणसासाठी आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, म्हणून आजोबांच्या वॉल्थर किंवा वेब्लीला लाखांचे भाव येतात. तेवढे पैसे पोलादासाठी द्यावेत असं मला कुठल्याच गणिताने वाटत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. रोज अंगावर बाळगायचं असेल, भिवंडीच्या हवेत, तर अलॉय फ्रेम आणि पोलादी स्लाइड. तिजोरीत ठेवायचं आणि रेंजवर नेमाने जायचं असेल, तर पोलाद, डोळे मिटून. वर्षाकाठी पन्नास गोळ्यासुद्धा उडवायच्या नसतील, तर दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. हात बसला नसेल तर धातू काय करणार?

ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी पाऊस संपल्यावर एक काम करावं. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून मुठीवरच्या पट्ट्यांचे स्क्रू काढावेत, किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून काढून घ्यावेत, आणि आत बघावं. घाम तिथे साचतो आणि बाहेरून पुसलेलं तेल तिथवर पोचत नाही. आणि घरी आल्यावर पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं, आणि गंज आधी स्लाइडच्या त्याच बाजूला लागतो जी रात्रभर चामड्याला टेकलेली असते.